निळा, हिरवा, पिवळा : घरच्या घरी थरांचं मेलन-व्होडका कॉकटेल

रंगीत कॉकटेल करायचं म्हटलं की सगळं लक्ष रंगाकडे जातं. खरं काम मात्र वजनाचं असतं. ग्लासात रंग एकावर एक उभे राहतात ते साखरेमुळे. ज्या द्रवात साखर जास्त, तो जड, म्हणून तळाला बसतो. ज्यात साखर कमी आणि अल्कोहोल जास्त, तो हलका, म्हणून वर तरंगतो. एवढं ध्यानात ठेवलं तर बारमध्ये भारी बिल देऊन मिळणारा ग्लास स्वयंपाकघराच्या ओट्यावरही तितकाच देखणा होतो.

इथे दिलेल्या ग्लासात तळाला निळा थर येतो, त्यावर झगझगीत हिरवा, त्यावर अननसाचा पिवळा आणि सगळ्यात वर अननसाचाच पांढरा फेस. मूळ कल्पना ‘मेलन बॉल’ या जुन्या कॉकटेलची आहे. त्यात व्होडका, मेलन लिकर (खरबुजाच्या वासाचं गोड, हिरवं मद्य) आणि अननसाचा किंवा संत्र्याचा रस एवढंच असतं. मी त्याला तळाशी निळं सिरप आणि भरपूर लिंबू जोडते. लिंबाशिवाय हे पेय गोडमिट्ट होतं, दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही.

हेच तीन रंग का, तेही सांगते. थरांचा ग्लास कधी ना कधी ढवळला जातोच, तेव्हा रंग मिसळल्यावर काय होणार याचा विचार आधी करायला हवा. निळा, हिरवा आणि पिवळा मिसळले की हिरवाच राहतो. आपल्याकडे घरात कोकम सिरप असतं, त्यामुळे तळाला लाल थर द्यायचा मोह होतो. तो दिसतोही सुरेख, पण लाल आणि हिरवा एकत्र आले की तपकिरी होतात. गोकर्णाच्या फुलांचा निळा अर्कही इथे चालत नाही. लिंबू आणि अननसाच्या आंबटपणाने तो जांभळा पडतो, आणि जांभळा हिरव्यात गेला की सगळं मळकट दिसतं. गोकर्ण वापरायचं असेल तर शहाळ्याचं पाणी आणि व्होडका यांच्या साध्या पेयात वापरा, तिथे ते खुलतं.

एका ग्लासासाठी

व्होडका ३० मिली
मेलन लिकर ४५ मिली
अननसाचा रस, बिनसाखरेचा, गाळलेला, ९० मिली
लिंबाचा रस १५ मिली, म्हणजे साधारण एक मध्यम रसदार लिंबू
ब्लू क्युरासाओ सिरप (संत्र्याच्या चवीचं निळं सिरप), बिनअल्कोहोलचं, १० मिली
बर्फ
वर लावायला खरबुजाची फोड किंवा अननसाचं एक कोवळं पान

पेग मेजर नसेल तर छोटा चमचा ५ मिलीचा आणि टेबलस्पून १५ मिलीचा धरा. खोकल्याच्या औषधावर येणारं खुणांचं झाकण स्वच्छ धुऊन वापरलं तरी माप अचूक येतं. अंदाजाने ओतू नका. १० मिली सिरपच्या जागी २० मिली गेलं की निळा थर सगळ्यावर मात करतो आणि चवही बिघडते.

व्होडका साधीच घ्या, फ्लेवरवाली नको. रस आणि लिकर यांच्या वासापुढे महागड्या व्होडकाचा बारकावा जाणवत नाही, त्यामुळे मधल्या किमतीची पुरेशी आहे. भारतात तयार होणाऱ्या बहुतेक व्होडकात अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, परदेशी बाटल्यांत बहुधा ४० टक्के. या फरकाने थर बिघडत नाहीत.

मेलन लिकरबद्दल

बारमध्ये सर्वाधिक दिसणारी मेलन लिकर म्हणजे मिदोरी. जपानच्या सनटोरी कंपनीने ती १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’ या डिस्कोमध्ये पार्टी देऊन अमेरिकेत आणली. तिचा रंग इतका भडक का, हे त्या जागेवरून कळतं. अल्कोहोल साधारण २० टक्के, साखर भरपूर, वास पिकलेल्या खरबुजाचा. मुंबईत प्रत्येक वाइन शॉपमध्ये ती मिळेलच असं नाही. मोठ्या दुकानात आधी फोन करून विचारा, नाहीतर परदेशातून येणाऱ्या कुणालातरी विमानतळाच्या ड्यूटी फ्रीमधून आणायला सांगा.

बाटली नाही मिळाली तरी अडत नाही. कॉकटेल सिरप विकणाऱ्या कंपन्यांचं हिरवं मेलन सिरप ऑनलाइन आणि मोठ्या किराणा दुकानांत मिळतं. ते २५ मिली घ्या आणि त्यात २० मिली व्होडका मिसळा. हिशोब करून पाहा : ४५ मिलीत जवळपास १९ टक्के अल्कोहोल येतं, म्हणजे लिकरच्या जोडीला बसेल असं. नुसतं सिरप ओतलं तर ते निळ्या सिरपइतकंच जड असल्यामुळे दोन्ही थर एकमेकांत जातात. व्होडकाने ते हलकं होतं आणि बरोबर मधे थांबतं.

मला मात्र हंगामात घरचं खरबूज सिरप जास्त आवडतं. फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत मुंबईच्या बाजारात खरबुजं भरपूर असतात. हिरव्या गराचं फळ शोधा. केशरी गराचं चवीला उत्तम, पण हिरवा थर त्यातून येणार नाही. देठाकडचा भाग नाकाशी नेऊन वास घ्या. वास येत नसेल तर ते फळ सिरपलाही नको. गणपतीच्या सुमारास कोकणातून चिबूड येतात, त्यांचा वास तर घरभर पसरतो. त्यांचं सिरपही याच पद्धतीने होतं.

आधी फळ अख्खं असतानाच नळाखाली चोळून धुवा. जाळीदार सालीच्या खाचांत माती आणि जंतू बसलेले असतात, आणि सुरी फिरली की ते थेट गरात जातात. मग पाव किलो गराच्या बारीक फोडी करा, त्यात पाव किलो साखर आणि एका लिंबाचा रस घाला, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी साखर बरीचशी विरघळून फोडी स्वतःच्याच पाकात पोहत असतात. तळाशी साखर उरली असेल तर चमच्याने ढवळा, मग गाळा. फोडी दाबू नका, पाक गढूळ होतो. उरलेल्या फोडी दह्यात घालून खायला छान लागतात.

हे सिरप गॅसवर ठेवू नका. खरबुजाचा सुवास उष्णतेने उडून जातो आणि मागे शिजवलेल्या भोपळ्याची चव उरते. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकतं. रंग फिकट येईल. फिका पोपटीही मला सुंदर वाटतो, पण बारसारखा भडक हवा असेल तर खाण्याच्या हिरव्या रंगाचा एक थेंब पुरे. खसचं सरबत घालून रंग आणायचा विचार कराल तर थांबा, खसचा वास खरबुजाला पूर्ण झाकून टाकतो. घरचं सिरप वापरतानाही प्रमाण तेच : २५ मिली सिरप, २० मिली व्होडका.

अननसाचा रस : इथेच बहुतेक ग्लास फसतात

वरच्या थराचं सगळं गणित रसातल्या साखरेवर आहे. शुद्ध अननसाचा रस मुळातच गोड असतो, मेलन लिकरच्या वजनाच्या जवळ जाणारा. त्यात व्होडका मिसळली की तो हलका होतो आणि हिरव्यावर टिकतो. म्हणजे व्होडका इथे नशेसोबत थर पेलण्याचंही काम करते, आणि म्हणूनच ती तळाशी किंवा हिरव्यात न घालता रसातच मिसळायची. पण रसात वरून साखर पडलेली असेल तर ३० मिली व्होडका त्याला उचलू शकत नाही. पिवळा थर हिरव्यातून आरपार खाली जातो.

नाक्यावरच्या ज्यूस सेंटरवरून आणणार असाल तर स्पष्ट सांगा : साखर नको, मसाला नको, बर्फ नको. सांगितलं नाही तर तिन्ही पडणार. घरी काढणार असाल तर पिकलेला अननस मिक्सरमध्ये फिरवा आणि धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. चोथा राहिला तर तो थरांच्या सीमेवर अडकून पडतो आणि रेघ स्वच्छ दिसत नाही. पाकिटातला रस घेताना पाठीमागची यादी वाचा. त्यात वेगळी साखर लिहिलेली असेल तर ते पाकीट सोडा. ताज्या रसाचा आणखी एक फायदा आहे, तो हलवला की दाट पांढरा फेस देतो.

ओतायला सुरुवात करण्याआधी छोटी चाचणी करा. एका लहान काचेच्या ग्लासात दोन चमचे मेलन लिकर घ्या. वेगळ्या वाटीत तीन चमचे रस आणि एक चमचा व्होडका मिसळा आणि ते मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळूच लिकरवर सोडा. वर थांबलं तर काळजी नाही. बुडलं तर ग्लासामागे १० ते १५ मिली साधा सोडा किंवा पाणी रसात वाढवा, किंवा लिकरमध्ये एक चमचा साखरेचा पाक मिसळून तिला जड करा. दोन मिनिटांची ही चाचणी पाहुण्यांसमोर फजिती वाचवते.

बर्फ, ग्लास आणि मुंबईची हवा

बर्फ पिण्याच्या शुद्ध पाण्याचा, मोठ्या चौकोनांचा. बारीक चुरा लगेच विरघळतो आणि थर पुसतो. ज्या घरात फ्रीझरमध्ये बोंबील, बांगडा, सुरमई असते तिथे उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास हमखास ओढून घेतो, आणि खरबुजाच्या नाजूक वासापुढे तो लगेच कळतो. आदल्या दिवशी बर्फ करून घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा.

ग्लास उंच, सरळ, पातळ काचेचा आणि बिननक्षीचा, साधारण ३०० मिलीचा. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत असे ग्लास सुटेही मिळतात. परदेशी पाककृतींत ग्लास फ्रीझरमध्ये ठेवायला सांगतात. मुंबईच्या दमट हवेत तसं करू नका. बाहेर काढताच काचेवर धुकं चढतं आणि आतला रंग दिसतच नाही. ग्लास साधाच ठेवा, पण आत जाणारं सगळं थंड करा : लिकर, रस, सिरप किमान दोन तास फ्रिजमध्ये, व्होडका फ्रीझरमध्ये ठेवली तरी चालते, ती गोठत नाही. गार द्रवात बर्फ सावकाश विरघळतो, त्यामुळे थर जास्त वेळ टिकतात.

आणखी एक वस्तू लागते, लांब दांड्याचा चमचा. फालुद्याचा चमचा यासाठी अगदी योग्य आहे.

आता करायला घ्या

निळं सिरप आधी. ग्लासाच्या मध्यभागी, काचेला न लागता, सरळ तळावर ओता. काचेवर ओघळ आला तर तो शेवटपर्यंत दिसत राहतो. आलाच तर टिश्यू पेपरने लगेच पुसा.

मग बर्फ, पाऊण ग्लास. वरून टाकू नका. ग्लास किंचित तिरपा धरून चिमट्याने एकेक चौकोन काचेवरून घसरवत सोडा. सिरप दाट असल्यामुळे ते थोडं हलतं आणि परत जागेवर बसतं.

आता मेलन लिकर. फालुद्याचा चमचा उलटा धरा, टोक काचेच्या आतल्या बाजूला आणि सगळ्यात वरच्या बर्फाला टेकवा, आणि चमच्याच्या फुगीर पाठीवर लिकरची बारीक धार सोडा. घाई करू नका, ४५ मिलीला अर्धं मिनिट तरी द्या. ती बर्फावरून झिरपत निळ्यावर जाऊन बसते. दोन रंगांच्या मधे समुद्रासारखा निळसर हिरवा पट्टा तयार होतो. सीमारेषा पुसट झाली म्हणून खंत नको, हा पट्टा हवाच असतो.

आता शेकर. त्यात अननसाचा रस, व्होडका, लिंबाचा रस आणि चार-पाच बर्फाचे तुकडे घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवा. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी घ्या, मात्र लोणच्याची नको. हलवल्याने तीन गोष्टी होतात : मिश्रण गार होतं, फेस येतो आणि विरघळलेल्या बर्फामुळे रस आणखी हलका होतो. चहाची गाळणी वापरणार असाल तर आधी गरम पाण्याने नीट धुवा.

हे मिश्रण गाळणीतून एका छोट्या चोचीच्या भांड्यात काढा आणि परत त्याच चमच्याच्या पाठीवरून ग्लासात सोडा. पहिले तीन-चार चमचे थेंबाथेंबाने. एकदा पातळ पिवळा थर धरला की धार थोडी वाढवता येते, कारण नंतरचं मिश्रण आपल्याच रंगावर पडतं. शेवटी भांड्यात उरलेला फेस चमच्याने उचलून वर ठेवा.

खरबुजाची फोड काठावर अडकवा, ग्लास बाहेरून पुसा आणि लगेच द्या. थर दहा-पंधरा मिनिटं छान दिसतात. बघून झालं, फोटो काढून झाले की पिणाऱ्याला चमच्याने तळापासून दोन-तीनदा ढवळायला सांगा. न ढवळता स्ट्रॉने प्यायलं तर आधी नुसता पाक आणि शेवटी सगळी व्होडका, असं होतं. ढवळल्यावर कच्च्या कैरीसारखा हिरवा रंग येतो आणि आंबट-गोड चव सारखी होते.

पहिल्या ग्लासात चव पाहून पुढचे ठरवा. गोड वाटलं तर लिंबू ५ मिलीने वाढवा, साखर कमी करण्याच्या मागे लागू नका. साखर काढली की थरही गेले. ज्यांना कमी गोड हवं त्यांच्यासाठी थरांचा नाद सोडून ‘जपानी स्लिपर’ करा : मेलन लिकर, संत्र्याची ट्रिपल सेक लिकर आणि लिंबूरस, प्रत्येकी ३० मिली, बर्फाबरोबर हलवून गाळायचं. १९८४ मध्ये मेलबर्नच्या एका रेस्तराँमध्ये जन्मलेलं हे कॉकटेल आंबट-गोड, स्वच्छ चवीचं आहे.

एका ग्लासात किती जातं

रंग पाहून हे सरबत वाटतं, म्हणून हिशोब आधीच सांगते. ३० मिली व्होडकातून सुमारे १२.८ मिली आणि ४५ मिली लिकरमधून ९ मिली, मिळून जवळपास २२ मिली शुद्ध अल्कोहोल. म्हणजे एक ग्लास हा व्होडकाच्या पावणेदोन छोट्या पेगांच्या जवळपास जातो, आणि गोडव्यामुळे ते जिभेला कळत नाही. पाहुण्यांना हा आकडा सांगून ग्लास हातात द्या. गाडी चालवणाऱ्याला देऊ नका. आपल्याकडे रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि असा एक ग्लासही ती ओलांडायला पुरेसा ठरू शकतो. परतीसाठी रिक्षा-टॅक्सी आधीच ठरवा.

महाराष्ट्रात व्होडकासारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला दुकानं बंद असतात, त्यामुळे बेत त्या तारखांच्या आसपास असेल तर खरेदी आधी उरका.

सहा-आठ जण असतील तर

व्होडकाच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, बरोबर सहा ग्लास होतात. त्याला २७० मिली लिकर, ५४० मिली रस, ९० मिली लिंबू आणि ६० मिली निळं सिरप लागतं. (लिकरऐवजी सिरप वापरणार असाल तर व्होडका आणखी १२० मिली धरा.) रस आणि व्होडका दुपारीच एका बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. लिंबू मात्र आयत्या वेळी पिळा, तासन् तास ठेवलेला रस कडवट होतो. ग्लासांत निळं सिरप आधी घालून ओळीने मांडून ठेवता येतं. बर्फ पडल्यापासून पुढचं काम मात्र दोन-दोन ग्लासांचंच करा, सहा एकदम करायला गेलात तर सहावा होईपर्यंत पहिला पुसट झालेला असतो.

चखणा खारट आणि तिखट हवा. भाजणीची चकली, मसाला शेंगदाणे, रव्यात तळलेली कोळंबी किंवा बोंबील. गोड शेव-फरसाण टाळा.

न पिणाऱ्यांचा ग्लासही तसाच दिसायला हवा, आणि तो होतो. व्होडकाच्या जागी रसात ३० ते ४५ मिली शहाळ्याचं पाणी मिसळा. शहाळं अननसापेक्षा कमी गोड, म्हणून रस हलका होतो. हिरव्या थरासाठी २५ मिली मेलन सिरप आणि २० मिली पाणी. निळं सिरप तेच. मुलांसाठी करणार असाल तर वेगळा शेकर, वेगळा चमचा आणि वेगळ्या आकाराचा ग्लास घ्या, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

उरलेली लिकर झाकण आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसून बंद करा. साखर सुकली की झाकण चिकटून बसतं आणि मुंग्याही लागतात. बाटली खिडकीत शोभेला ठेवू नका, उन्हाने रंग उतरतो. बंद कपाटात किंवा फ्रिजच्या दारात ती कित्येक महिने चांगली राहते.